चेहरा ओळखीचा, पेय अनोळखी

डिसेंबर २०२२ च्या अखेरीस ब्रिटनमधील 'आल्डी' या दुकानसाखळीच्या दारांत भल्या सकाळी रांगा लागल्या. रांगेत मुख्यतः शाळकरी मुले आणि त्यांचे पालक होते. 'प्राइम' नावाचे रंगीत पेय मिळवण्यासाठी ही धडपड होती. मागणी एवढी होती की, प्रत्येक ग्राहकाला मोजक्याच बाटल्या देण्याची मर्यादा घालावी लागली. संकेतस्थळांवर याच बाटल्यांची मूळ किमतीच्या कैक पटींनी फेरविक्री सुरू झाली.

हे पेय जानेवारी २०२२ मध्ये बाजारात आणले ते अमेरिकेचा लोगन पॉल आणि ब्रिटनचा केएसआय या दोन यूट्यूब ताऱ्यांनी. २०१८ आणि २०१९ मध्ये मुष्टियुद्धाच्या रिंगणात एकमेकांसमोर उभे ठाकलेले हे दोघे व्यवसायात भागीदार झाले. कोट्यवधी चाहते आधीपासून हाताशी असल्याने जाहिरातीचा पारंपरिक मार्ग त्यांना चोखाळावा लागला नाही. त्यांच्या चित्रफिती हीच जाहिरात होती. प्रेक्षकांतील मोठा वर्ग शाळकरी मुलांचा होता आणि ग्राहकही तोच झाला.

एक नाव, दोन पेये

खरा घोळ पुढच्या वर्षी झाला. जानेवारी २०२३ मध्ये याच नावाने 'प्राइम एनर्जी' हा कॅन आला. पहिल्या पेयात कॅफीन नव्हते. दुसऱ्याच्या ३५५ मिलिलिटरच्या कॅनमध्ये मात्र २०० मिलिग्रॅम कॅफीन होते. नाव तेच, चेहरे तेच आणि रंगसंगतीही मिळतीजुळती. जुलै २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटमधील नेते चक शुमर यांनी या पेयाची चौकशी करण्याची मागणी तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे केली. मुलांसाठी एक पेय घेऊ पाहणारे पालक नकळत दुसरेच घरी नेतील, ही भीती त्यामागे होती. त्याच महिन्यात कॅनडाने हे कॅन बाजारातून परत मागवले. तेथील मर्यादा एका कॅनला १८० मिलिग्रॅम कॅफीन इतकी आहे.

स्पोर्ट्स ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंक यांतील फरक अनेकांना ठाऊक नसतो. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलपटूंसाठी 'गेटोरेड' तयार केले, तेथून आधुनिक स्पोर्ट्स ड्रिंकचा प्रवास सुरू झाला. घामावाटे गेलेले पाणी व क्षार भरून काढणे आणि थोडी साखर पुरवणे, एवढाच त्याचा हेतू होता. घामातून जाणारा मुख्य क्षार सोडियम होय. गंमत अशी की, 'प्राइम हायड्रेशन'च्या अर्ध्या लिटरच्या बाटलीवरील तक्त्यात पोटॅशियम ७०० मिलिग्रॅम, तर सोडियम अवघे १० मिलिग्रॅम असल्याचे दिसते. तासाभराच्या साध्या खेळानंतर बहुतेक मुलांना पाणी पुरते.

एनर्जी ड्रिंकचे काम वेगळे आहे. त्यातील मुख्य घटक कॅफीन. मेंदूला थकव्याची जाणीव करून देणाऱ्या ॲडेनोसिन या रसायनाचे काम कॅफीन अडवते. त्यामुळे थकवा जात नाही, तो केवळ जाणवेनासा होतो. प्रौढाच्या शरीरातील कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. परीक्षेच्या काळात रात्री नऊला घेतलेल्या कॅनचा निम्मा अंमल मध्यरात्रीनंतरही राहतो. झोप बिघडते, सकाळी आळस येतो आणि तो घालवण्यासाठी पुन्हा कॅन उघडला जातो.

किती चालते?

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये दिलेल्या मतानुसार निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते. मुलांसाठी वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम हे प्रमाण धरले आहे. म्हणजे ४० किलो वजनाच्या मुलाला १२० मिलिग्रॅम. 'प्राइम एनर्जी'चा एक कॅन ही मर्यादा सहज ओलांडतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तर २०११ मध्येच मुलांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला स्थान नसल्याचे स्पष्ट केले होते. साखरेचा प्रश्न निराळाच. 'रेड बुल'च्या मूळ चवीच्या २५० मिलिलिटर कॅनमध्ये सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर असते.

आपल्याकडील चित्र

भारतात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असलेल्या पेयांना 'कॅफिनेटेड बेव्हरेज' असे संबोधले जाते. २५० मिलिलिटरच्या बाटलीत ते ७५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी हे पेय योग्य नसल्याचा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. प्रश्न आहे तो वाचण्याचा. एकेकाळी शंभराच्या घरातील किमतीमुळे हे पेय मोजक्यांपुरते होते. 'पेप्सिको'ने 'स्टिंग' २० रुपयांच्या बाटलीत आणल्यावर ते नाक्यावरच्या टपरीपर्यंत पोहोचले. शाळकरी मुलाच्या खिशालाही ते परवडू लागले.

महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांच्या ५०० मीटर परिसरात अधिक कॅफीनच्या पेयांच्या विक्रीला बंदी घालण्याची घोषणा विधान परिषदेत केली. लिथुआनियाने २०१४ मध्ये आणि पोलंडने जानेवारी २०२४ पासून १८ वर्षांखालील मुलांना अशी पेये विकण्यास मनाई केली. तथापि, टपरीवरची बंदी मोबाइलच्या पडद्याला लागू होत नाही.

तेथे कायदा वेगळ्या वाटेने येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला फसव्या जाहिरातीबद्दल १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करता येतो. जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही हा दंड लागू आहे. पैसे, भेटवस्तू किंवा मालकीहक्क असे काही हितसंबंध असतील, तर ते ठळकपणे सांगावेत, अशी मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी जारी केली.

वेष्टनावरील एका शब्दाचे वजन किती असते, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नसलेल्या गोड पेयांवर 'ओआरएस' ही अक्षरे छापण्यास भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. जुलाबाने बेजार झालेल्या मुलाला औषध समजून साखरेचे पाणी पाजले जात होते.

'प्राइम'ची लाट ओसरली आहे. २०२४ मध्ये ब्रिटनमधील तिची उलाढाल आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे ७० टक्क्यांनी घटली. पण एक तारा मावळला की दुसरा उगवतो आणि नव्या ताऱ्याच्या हातात नवी बाटली असते. मुलांना ती नाकारण्याआधी पालकांनी त्यांच्यासोबत बाटलीची मागची बाजू वाचावी. कॅफीन किती, साखर किती आणि इशारा कोणता, एवढे तीन तपशील पुरेसे आहेत. मैदानावरून घामाघूम होऊन आलेल्या मुलासाठी माठातले पाणी आणि मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत आजही घरोघरी उपलब्ध आहे. त्याची जाहिरात मात्र कोणी करत नाही.