जुनं नाव, नवं पान

नियतकालिकाची नवी मांडणी की पुनरागमन? पहिल्यात अंक चालूच असतो, पेहराव बदलतो. दुसऱ्यात बंद पडलेला अंक पुन्हा निघतो. बातम्यांत दोन्हींची सर्रास गल्लत होते.

मास्टहेड: मुखपृष्ठावरचं नाव, ठरलेल्या अक्षरवळणात. मांडणीकार याला सगळ्यात शेवटी हात लावतात.

ग्रिड: रकाने आणि समास यांचा सांगाडा. वाचकाला दिसत नाही. बिघडला की मात्र खुपतो.

आता काही सिनेनियतकालिकं.

फिल्मफेअर: मुंबई, मार्च 1952. सुरुवात पाक्षिक म्हणून. पुरस्कार 1954पासून.

स्क्रीन: 1951, एक्स्प्रेस समूहाचं साप्ताहिक. अनेक वर्षं वर्तमानपत्राच्या आकारात. सिनेमांच्या पूर्णपान जाहिराती भिंतीवर चिकटवाव्यात एवढ्या मोठ्या. पुढे आकार आटोपशीर झाला. 2015मध्ये स्टार इंडियाकडे विक्री. 2024मध्ये नाव पुन्हा एक्स्प्रेसकडे, आणि पुनरागमनाचा पहिला अंक डिजिटल.

मराठीत: प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीचं ‘वास्तव रूपवाणी’.

बेंगळुरू: कन्नड चित्रव्यवसायाचा पत्ता म्हणजे गांधीनगर. गंभीर सिनेलेखनासाठी याच शहरातून 1987मध्ये ‘डीप फोकस’ हे इंग्रजी त्रैमासिक निघालं. नाव कॅमेऱ्याच्या परिभाषेतलं: जवळचं आणि लांबचं, दोन्ही सारखंच स्पष्ट दिसणारं चित्रण.