उलटी नेमकी कधी होते?

कुत्रा ओकला की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘बाहेर काय खाऊन आलास रे?’ प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. एखाद्या दिवशी झालेल्या उलटीला तो पुरतो. आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने ओकणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ‘काय खाल्लं’ याच्या जोडीला ‘किती वाजता ओकला’ हेही विचारावं लागतं. उलटीची वेळ, शेवटच्या जेवणापासूनचं अंतर आणि वर्षातला हंगाम या तीन गोष्टी नोंदल्या, तर अर्धं निदान घरीच होतं.

सुरतहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं इच्छापोर घ्या. हिऱ्यांचं औद्योगिक संकुल आणि नवी गृहसंकुलं आली, तरी गावपण पुरतं गेलेलं नाही. समजा, इथल्या एका मराठी घरात चार वर्षांचा लॅब्राडोर आहे. सकाळी दूध-पोळी, संध्याकाळी भात आणि चिकन असा त्याचा आहार. खेळतो, भुंकतो, वजनही बरं आहे, पण दर दोन-तीन दिवसांनी ओकतो. जंताचं औषध दोनदा देऊन झालं, दृष्टही काढून झाली. फरक नाही. आता शोध कुठून सुरू करायचा?

ओकणं की नुसतं वर येणं?

सगळ्यात आधी ती खरोखरच उलटी आहे का, हे ठरवायचं. खऱ्या उलटीआधी कुत्रा अस्वस्थ होतो, लाळ गाळतो, ओठ चाटतो. मग उमासे येतात, पोट जोरात आत-बाहेर होतं आणि शेवटी अन्न पडतं. याउलट कधी कुत्रा नुसती मान खाली घालतो आणि न पचलेलं, बहुधा नळकांड्याच्या आकाराचं अन्न कसलाही जोर न लावता बाहेर येतं. हे अन्न जठरात पोहोचलेलंच नसतं. दोष अन्ननलिकेत असतो: ती सैल पडून फुगलेली असते, अरुंद झालेली असते किंवा तिच्यात गाठ असते. अशा कुत्र्याला उभ्या अवस्थेत जेवू घालून थोडा वेळ तसंच ठेवावं लागतं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. दोन्ही प्रकारांचे उपचार पूर्ण वेगळे, म्हणून मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना लांबलचक वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

उलटीत पोटाचे स्नायू इतके का राबतात, याचं उत्तर दोनशे वर्षांपूर्वी कुत्र्यावरच मिळालं. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माझांदी यांनी १८१३ मध्ये एका कुत्र्याचं जठर काढून त्या जागी डुकराचं मूत्राशय जोडलं आणि उलटी आणणारा अँटिमनीचा क्षार शिरेतून टोचला. जठर नसतानाही उलटी झाली. म्हणजे उलटीचा जोर जठराचा नव्हे, तर पोटाच्या स्नायूंचा आणि श्वासपटलाचा असतो. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली: उलटीचा हुकूम पोटाच्या बाहेरून येतो.

तो येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून. तिथेच एक लहानसा भाग आहे, जिथे रक्तातल्या पदार्थांपासून मेंदूचं रक्षण करणारा अडसर जवळजवळ नसतो. रक्तात विष, औषध किंवा शरीरातली घाण वाढली की या भागाला ती लगेच कळते. बोरिसन आणि वँग या अमेरिकी संशोधकांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर हा भाग ओळखला. तो निकामी केलेल्या कुत्र्यांना उलटी आणणारं अ‍ॅपोमॉर्फिन टोचलं तरी उलटी होईना. त्यामुळे सतत ओकणाऱ्या कुत्र्याचं पोट ठणठणीत आणि मूत्रपिंड खराब, असंही असू शकतं.

पहाटेचं पिवळं पाणी

आपल्या लॅब्राडोरची वही उघडू. समजा, आठवडाभराच्या नोंदींत जवळजवळ सगळ्या उलट्या पहाटे पाच ते सातच्या दरम्यान आहेत. अन्न नाही, पिवळसर पाणी आणि फेस आहे, आणि ओकून झाल्यावर पठ्ठ्या लगेच शेपूट हलवत वाटीजवळ उभा. हे चित्र पशुवैद्यकांच्या चांगल्या ओळखीचं आहे. रात्रभर पोट रिकामं राहतं, लहान आतड्यातलं पित्त उलट जठरात येतं आणि जठराच्या अस्तराला चुरचुर होते.

उपाशी पोटही स्वस्थ बसत नाही. दोन जेवणांच्या मधल्या काळात, साधारण दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट जठरापासून आतड्याच्या टोकापर्यंत जाते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. जोसेफ शुरशेव्हस्की यांनी १९६९ मध्ये ही लाट प्रथम कुत्र्याच्याच आतड्यात नोंदवली. पहाटे ओकणाऱ्या कुत्र्यांमध्ये या हालचालीचा ताल बिघडत असावा, असा एक अंदाज आहे. उपाय मात्र साधा आहे: रोजचंच अन्न तीन-चार वेळांत विभागायचं आणि झोपण्याआधी थोडं खायला द्यायचं. एवढ्याने पहाटेची उलटी थांबली, तर पुढच्या तपासण्यांची घाई नाही. थांबली नाही, तर हे कारण बाजूला ठेवून पुढे जायचं.

नोंद वेगळी असेल तर रोखही बदलतो. जेवल्यावर दहा-बारा तासांनी ओळखू येईल असं अन्न पडलं, तर जठर वेळेवर रिकामं होत नाहीये. पुढच्या तोंडाशी काही अडकलंय का, हे पाहायला हवं. जेवल्या-जेवल्या उलटी होत असेल, तर कुत्रा अधाशासारखा गिळतोय का ते बघावं. उलटीत ताजं लाल रक्त किंवा पचलेल्या रक्ताचे काळपट तपकिरी कण दिसले, तर वही मिटून सरळ दवाखाना गाठावा.

मग गवताचं काय? ‘पोट बिघडलं की कुत्रा गवत खाऊन ओकतो’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या संशोधकांनी दीड हजारांहून जास्त कुत्रामालकांची उत्तरं तपासून २००८ मध्ये अहवाल दिला. गवत खाण्याआधी कुत्रा आजारी वाटत होता, असं सांगणारे जेमतेम ८ टक्के होते. खाल्ल्यावर बऱ्याचदा ओकतो म्हणणारे २२ टक्के. गवत खाणं हा कुत्र्याचा बहुधा जुना स्वभावच आहे. तेव्हा सगळा दोष अंगणातल्या हरळीवर टाकून मोकळं होता येत नाही.

ताटातलं आणि रक्तातलं

उलट्या तीन आठवड्यांहून जास्त चालल्या की पशुवैद्यक त्यांना जुनाट मानतात. जंत, संसर्ग, अडथळा आणि अवयवांचे आजार बाजूला सारल्यावर उरलेल्यांतले बरेच कुत्रे निव्वळ आहार बदलून सुधारतात. अन्नाचं वावडं बहुतेकदा प्रथिनांचं असतं: गोमांस, दूध, कोंबडी, गहू. आपल्या लॅब्राडोरच्या दिवसभराच्या जेवणात यातले तीन आहेत. वावडं शोधायला रक्ततपासणी भरवशाची नाही. त्याने पूर्वी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्ट देऊन पाहणं हीच खरी परीक्षा. पोटाच्या तक्रारीत दोन आठवड्यांत फरक दिसू लागतो. अट एवढीच, की त्या काळात आजीने प्रेमाने टाकलेला बिस्किटाचा तुकडाही चालत नाही.

रक्तातली कारणं जास्त लपलेली असतात. मूत्रपिंडाची सुमारे तीन-चतुर्थांश क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनिन फारसं वाढत नाही. त्याआधीच कुत्रा पाणी जास्त पितो आणि लघवी जास्त करतो, म्हणून वहीत पाण्याच्या वाटीचीही नोंद हवी. अधिवृक्क ग्रंथी मंदावल्या, तर उलट्या येतात, जातात, प्रवासाने किंवा पाहुण्यांच्या गर्दीने उसळतात आणि सलाईन लावलं की कुत्रा जादू झाल्यासारखा उठतो. ‘सलाईनने बरा होतो’ ही ओळ डॉक्टरांना सोडियम-पोटॅशियम तपासायला लावते. गोचीडतापावरची डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी रिकाम्या पोटी दिली, तर तीही उलटी आणते. माणसाच्या अंगदुखीची आयबुप्रोफेन तर कुत्र्याच्या जठराला जखमा करू शकते. घरातलं औषधाचं कपाट हेही संशयित आहे.

सुरतचं पंचांग

उलट्यांचा संबंध कधी घड्याळाऐवजी पंचांगाशी लागतो. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सुरतभर तुपाने निथळणारी घारी खाल्ली जाते. लाडक्या कुत्र्यालाही अर्धी मिळते. एकदम इतकी चरबी पोटात गेल्यावर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. मग उलट्या, पोटदुखी, आणि पुढचे पाय पसरून मागचा भाग वर ठेवल्याची विशिष्ट बैठक दिसते. प्रसादातले बेदाणे तर मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

जानेवारीतल्या उत्तरायणात धोका मांज्याचा. जमिनीवर पडलेल्या दोऱ्याला खाण्याचा वास लागलेला असला की कुत्रा तो गिळतो. दोऱ्याचं एक टोक जठराच्या तोंडाशी अडकतं, बाकीचा दोरा आतड्यात उतरतो आणि आतडं त्यावर चुण्या पडत गोळा होतं. दोरा ताणला गेला, तर आतडं कापलंही जातं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला, तर तो ओढू नये. ते काम शस्त्रक्रियेचं आहे.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस आठवायला हवा. सुरत, नवसारी, वलसाड या भातशेतीच्या पट्ट्यात हा आजार माणसांमध्येही वर्षानुवर्षं दिसतो. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो कुत्र्यालाही होतो: उलट्या, ताप, पिवळेपणा, मूत्रपिंड निकामी होणं. लस आहे, ती दरवर्षी द्यावी. संशय असेल, तर कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करावी, कारण हा आजार त्याच्याकडून आपल्यालाही होऊ शकतो.

शेणकिड्यातून आलेला पाहुणा

गोठ्याच्या आसपास मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांसाठी आणखी एक संशयित आहे, तो म्हणजे स्पायरोसर्का ल्यूपी नावाचा गोल कृमी. शेणकिडा विष्ठेतली त्याची अंडी गिळतो आणि अळी किड्याच्या अंगात वाढते. कुत्रा तो किडा खातो, किंवा किडा खाल्लेली पाल वा कोंबडी खातो. अळी जठराची भिंत भेदून रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, तिथून महाधमनीपर्यंत चढते, काही महिने तिथे मुक्काम करते आणि शेवटी शेजारच्या अन्ननलिकेत घर करून गाठ तयार करते. किडा खाल्ल्यापासून विष्ठेत अंडी दिसेपर्यंत पाच-सहा महिने जातात. म्हणून नुसत्या विष्ठेच्या तपासणीत तो बऱ्याचदा निसटतो आणि नेहमीचं जंताचं औषधही त्याच्यापुढे अनेकदा अपुरं पडतं. गिळताना त्रास, न पचलेलं अन्न वर येणं, लाळ आणि घटतं वजन दिसलं तर दुर्बिणीने अन्ननलिका पाहावी लागते. वेळेत सापडला तर औषध लागू पडतं. गाठ जुनी झाली तर तिचा कर्करोगही होऊ शकतो. ‘जंताचं औषध देऊन झालं’ या एका वाक्यावर शोध थांबवू नये, तो यासाठी.

वही आणि घाई

दवाखान्यात जाताना दोन आठवड्यांची नोंद न्यावी: तारीख, वेळ, शेवटचं जेवण कधी, काय पडलं, उमासे आले का, शी कशी होती, पाणी किती प्यायला, कोणतं औषध दिलं. त्यावरून डॉक्टर आधी काय करायचं ते ठरवतात: रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी की नुसता आहारबदल. स्थानिक डॉक्टरांकडे दुर्बीण नसेल, तर इच्छापोरहून नवसारीचं पशुवैद्यक महाविद्यालय फार लांब नाही; तिथे काय सोय आहे, ते फोन करून विचारता येतं. उलटी थांबवणारं इंजेक्शनही आज मिळतं, पण कारण न शोधता ते घेत राहिलं, तर आतला अडथळा तसाच राहतो आणि फक्त त्याची खबर येणं बंद होतं.

काही वेळा मात्र नोंदी करत बसायला सवड नसते. मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पोट फुगलं आणि कोरडे उमासे येऊनही काहीच पडेना, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. काही तासांत जीव जातो. लस न झालेलं पिल्लू ओकू लागलं आणि रक्ताची शी झाली, तर पार्व्हो विषाणूचा संसर्ग असू शकतो. पिल्लाला उपाशी ठेवण्याचा घरगुती सल्ला त्याच्या जिवावर बेतू शकतो. मीठ-पाणी पाजून मुद्दाम ओकवण्याचा उपाय तर कोणत्याही कुत्र्यावर करू नये. रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात.

बाकी बहुतेक घरांत गोष्ट इतकी टोकाला जात नाही. आपला लॅब्राडोर झोपण्याआधी मूठभर भात खाऊन शांत झोपू लागला, तर प्रश्न सुटला. नाही झोपला, तरी एक कारण खात्रीने वगळलं गेलं. नियमित उलटीचा शोध असा एकेक कारण खोडत पुढे सरकतो आणि खोडायला आधी काहीतरी लिहिलेलं असावं लागतं.