पुढची हाक कधी येईल?

जयपूरच्या सी-स्कीममध्ये, टिळक मार्गावरच्या योजना भवनाच्या आवारात, राजस्थान सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचं कार्यालय आहे. अशा एखाद्या कचेरीत लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावर कुणी सराईतपणे पत्र टाइप करतंय, असं समजा. दोन अक्षरांमध्ये सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरच्या हिशेबात हे ६० कोटी ठोके! अक्षर पडद्यावर उमटवायला त्यातले थोडेसेच पुरतात. उरलेल्या वेळात प्रोसेसर चक्क झोप काढतो.

त्या झोपेलाही पायऱ्या आहेत. इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधणारी हाक, येईपर्यंत थांबून राहण्याची ‘हॉल्ट’ ही आज्ञा १९७८च्या ८०८६ चिपमध्येही होती. आजच्या चिपमध्ये सी१, सी६ अशा अवस्था असतात. सी१मध्ये प्रोसेसरच्या गाभ्याचं (कोअरचं) काम थांबतं, पण वीज चालू राहते. सी६मध्ये गाभा आपली सगळी स्थिती वेगळ्या मेमरीत उतरवून ठेवतो आणि त्याची वीज जवळपास तोडलीच जाते. इंटेलच्या स्कायलेक पिढीतल्या झिऑन चिपसाठी लिनक्सच्या कोडमध्ये आकडे लिहून ठेवलेले आहेत: सी१मधून जागं व्हायला २ मायक्रोसेकंद, सी६मधून १३३. शिवाय सी६मधली झोप किमान ६०० मायक्रोसेकंद टिकली तरच वीज वाचते, कारण आत जायला आणि बाहेर यायलाही वीज लागते. पाहुणे दहा मिनिटांत येणार असतील तर गादी घालायची, की बसल्या बसल्या डुलकी काढायची? पेच तोच.

म्हणजे प्रोसेसरला झोपवण्यापूर्वी कर्नलला, लिनक्सच्या मध्यवर्ती भागाला, भविष्य सांगावं लागतं! मला या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. ठरलेले टायमर त्याला माहीत असतात. पण माणसाचं बोट कळीवर कधी पडेल, नेटवर्कवरून पाकीट कधी येईल, हे कोण सांगणार? मग ‘मेन्यू’ नावाचा गव्हर्नर, म्हणजे कर्नलमधला झोपेची अवस्था निवडणारा भाग, मागच्या आठ झोपा किती वेळ टिकल्या ते तपासतो. त्यांत मेळ दिसला तर पुढचीही तेवढीच असेल असं धरतो; एखादी फारच लांबलेली असेल तर ती वगळून पुन्हा पाहतो. केवळ आठ आकड्यांची आठवण, आणि हे दर सेकंदाला शेकडो वेळा.

अंदाज चुकला तर? २०१७मध्ये ड्रेस्डेनच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी एक अजब गोष्ट दाखवली. लागोपाठ छोट्या झोपा झाल्या की गव्हर्नर उथळ अवस्था निवडे. नेमकं पुढे बराच वेळ काहीच घडत नसे. ठरावीक वेळाने प्रोसेसरला उठवणारी टायमरची ‘टिक’ तर आधीच बंद केलेली, म्हणजे हलवून उठवणारंही कुणी नाही. रिकामा प्रोसेसर मग त्या उथळ अवस्थेतच वीज खात बसे. २०१८मध्ये कर्नलच्या ४.१७ आवृत्तीत राफाएल व्हिसॉत्स्की यांनी क्रमच उलटवला: आधी अवस्था ठरवायची, मगच टिक थांबवायची की नाही ते पाहायचं. झोप छोटी असेल असा अंदाज असेल तर टिक चालूच राहते. अंदाज फसला तरी काही मिलिसेकंदांत ती प्रोसेसरला उठवते आणि फेरविचार होतो. आपला अंदाज चुकू शकतो हे धरून केलेली ही रचना मला फार सुंदर वाटते.

तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर ‘पॉवरटॉप’ चालवून बघा. प्रत्येक गाभ्याने कोणत्या अवस्थेत किती टक्के वेळ काढला ते दिसतं. ब्राउझर बंद करा आणि खोल अवस्थांचे आकडे कसे बदलतात ते पाहा.