बीगल कुत्रा आपल्या घरास मानवेल काय?

कुत्रा हा आपल्या उंबरठ्यावरचा फार जुना रहिवासी आहे. परंतु त्याला उंबरठ्याच्या आत घ्यावे की बाहेरच ठेवावे, याविषयी आपल्या घरांत एकमत असे कधीच झाले नाही. वैश्वदेव करून जेवणाऱ्या गृहस्थाने काकबलीबरोबर श्वानबलीही काढावा अशी शास्त्राची आज्ञा. आणि ज्याच्यासाठी तो बली काढावयाचा, तोच चुकून माजघरात शिरला तर सोवळे बाटले म्हणून घरभर धावाधाव! दत्तात्रेयाच्या तसबिरीत पायाशी बसलेल्या चार श्वानांस आपण चार वेद मानतो आणि नमस्कार करतो. पण तसबिरीबाहेरच्या श्वानास मात्र काठी दाखवितो. महाभारताचा आरंभ आणि शेवट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञमंडपात आलेल्या सरमेच्या पिलास राजाचे भाऊ निष्कारण मारतात आणि सरमा त्यांना जाब विचारते. महाप्रस्थानिक पर्वात धर्मराज, सोबत आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गात पाऊल घालण्याचे साफ नाकारतो. निरपराध कुत्र्यास मारू नये आणि आश्रयास आलेल्यास टाकू नये, हे दोन धडे या दोन कथांत आहेत. आजच्या आमच्या विषयाचा खरा मुद्दाही हाच आहे.

अलीकडे शहरांत आणि शहरांमागून खेड्यांतही विलायती कुत्री पाळण्याची हौस वाढली आहे. त्यांत बीगल या जातीचे नाव वारंवार ऐकू येते. लांब लोंबते कान, मोठे काळेभोर डोळे, पांढरा, काळा व तांबूस असा तिरंगी अंगरखा आणि टोकाशी पांढरी असलेली ताठ शेपटी! असे पिलू पाहून कोणाचेही मन विरघळावे यात नवल नाही. पण मन विरघळणे आणि निर्णय करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. म्हणून, केवळ उदाहरणादाखल, वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यातले केनवडसारखे एखादे गाव आपण डोळ्यांपुढे घेऊ. ओसरी, माजघर, परसू असलेले घर. भोवती सोयाबीन आणि तुरीची वावरे. घरी आजीआजोबा, सूनबाई, शाळेत जाणारी दोन मुले. आणि नोकरीनिमित्त पुण्यास असलेला धाकटा मुलगा, ज्याने सुटीत येताना बीगलचे पिलू आणण्याचा बेत केला आहे. अशा घराने हो म्हणावे की नाही?

हा प्राणी मुळात कशासाठी?

कोणत्याही जातीचा स्वभाव समजण्यास तिचे मूळ काम पाहावे. बीगल ही इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी वाढविलेली जात. घोड्यावरून नव्हे, तर पायी चालणाऱ्या शिकाऱ्यांपुढे ही कुत्री टोळीने धावत आणि सशाचा माग डोळ्यांनी नव्हे, नाकाने काढीत. इंग्लंडात १८९० साली या जातीचा स्वतंत्र क्लबही निघाला. ज्या जहाजातून डार्विनने १८३१ ते १८३६ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्याचे नाव बीगलच होते, आणि १९५० पासून अमेरिकन वृत्तपत्रांच्या चित्रमालिकेतून जगभर गेलेला स्नूपी हाही याच जातीचा.

याच्या नाकाची कीर्ती खरोखरीच मोठी आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, तर याच्या नाकात वीस कोटींच्या वर असे मानतात. अमेरिकेच्या शेतकी खात्याने १९८४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर बीगलांचे पथक नेमले. प्रवाशांच्या सामानातील फळे व मांस हुंगून काढणे हे त्याचे काम. मुलाकडे निघालेल्या आईबापांनी लुगड्यांच्या घड्यांत दडविलेला हापूस या प्राण्यापुढे लपत नाही! हरवलेल्या गाईंचा शोध लावणारी ऋग्वेदातली सरमा ही आपल्या वाङ्मयातील अशाच विद्येची आद्य आचार्या म्हणावयास हरकत नाही.

या मूळ कामातून तीन गुण निघतात, आणि तेच तीन दोषही ठरतात.

पहिला गुण नाकाचा. एकदा माग लागला की बीगलला हाक ऐकू येत नाही. तो अवज्ञा करीत नसतो, त्याचे सारे भान नाकात गेलेले असते. पुण्याच्या गल्लीत त्याला एखादे मांजर सापडेल. केनवडच्या वावरात ससे, रानडुकरे, रोही यांचे माग धुऱ्याधुऱ्यावर पडलेले असतात. साखळी सुटली की तो दोन वावरे ओलांडून जाईल. मग वाटेत कठडा नसलेल्या विहिरी आहेत, गवतात तोंड घालणाऱ्यास डसणारा नाग आणि घोणस आहेत, भरधाव मोटारी आहेत. शिवाय सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने निषिद्ध आहे, ही गोष्ट कुत्र्यास ठाऊक नसली तरी मालकास असली पाहिजे. म्हणून परसास पक्के कुंपण नसेल, तेही खालून उकरता न येणारे, तर बीगलचा विचार तेथेच सोडावा.

दुसरा गुण टोळीचा. शतकानुशतके सोबत्यांसह राहिलेल्या या प्राण्यास एकांत सोसत नाही. या बाबतीत एकत्र कुटुंबाचे केनवडचे घर पुण्यातल्या बंद बिऱ्हाडापेक्षा शतपटींनी चांगले. जेथे नवराबायको दोघेही सकाळी नऊला कुलूप लावून जातात, तेथे हा प्राणी दिवसभर रडतो, दारे ओरबाडतो, जोडे फाडतो. आणि शेजारी तक्रार करतात. मुलांशी तो सहसा फार प्रेमाने वागतो. चावरा म्हणून या जातीची ख्याती नाही. तरीही लहान मूल आणि कुत्रा, मग तो कोणत्याही जातीचा असो, मोठ्या माणसाच्या नजरेखेरीज एकत्र सोडू नये. दुसरी बाजू अशी की, पाहुण्यावर जितके प्रेम तितकेच चोरावर! घराची राखण व्हावी म्हणून कोणी बीगल आणणार असेल, तर त्याने कुलूपच चांगले घ्यावे.

तिसरा गुण आवाजाचा. रानात दूर गेलेल्या टोळीचा ठाव शिकाऱ्यास लागावा म्हणून या जातीस मुद्दाम मोठा गळा दिला गेला आहे. तो नुसता भुंकत नाही. मान वर करून लांबलचक सूर काढतो. भिंतीस भिंत लागून असलेल्या आळीत पहाटे चार वाजता हा सूर निघाला, तर शेजारधर्माची परीक्षाच होते. घरात आजारी माणूस असेल किंवा मुलाची परीक्षा जवळ आली असेल, तर याचा आधीच विचार करावा.

खाणे, ऊन आणि औषध

आमच्या वाचक भगिनींचा पहिला प्रश्न असेल: आमच्या शाकाहारी घरात हा जगेल काय? जगेल, पण उरलेली पोळी आणि दूध एवढ्यावर नव्हे. त्याला प्रथिने पुरेशी मिळाली पाहिजेत, आणि मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही. घरात अंडेही चालत नसेल, तर काय व किती घालावे हे पशुवैद्यास विचारून ठरवावे, अंदाजाने नव्हे. याहून महत्त्वाची गोष्ट ही की, आपल्या स्वैपाकघरातील काही नित्याचे जिन्नस कुत्र्यास विष आहेत. कांदा व लसूण त्याच्या रक्तास बाधतात. मनुका आणि बेदाणे मूत्रपिंडे बिघडवितात. चॉकलेट तर जिवावर बेतू शकते. म्हणजे फोडणीच्या आमटीतला भात, बेदाणे घातलेला लाडू आणि मुलांच्या हातची वडी, या तिन्ही प्रेमाने दिल्या जाणाऱ्या वस्तू वर्ज्य. बीगल हा पराकाष्ठेचा खादाड असल्याने तो नको म्हणणार नाही; नकार आपणच द्यावयाचा. त्याचे वजन साधारण नऊ ते अकरा किलो असावे. आजोबांनी पानातला घास आणि आजींनी चोरून तुकडा दिला, की वर्षभरात तो पिंपासारखा होतो, आणि मग पाठीच्या मणक्याचे विकार मागे लागतात.

वऱ्हाडातले ऊन आम्ही वर्णन करून सांगावयास नको. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. चैत्र-वैशाखात त्याला सूर्योदयापूर्वी आणि दिवे लागल्यावरच फिरवावे. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून पाहावी. पाच-सात सेकंद ती ठेववत नसेल, तर त्याचे तळवेही तेथे ठेवू नयेत. पावसाळ्यात लोंबत्या कानांच्या आत ओल राहून कान चिघळतात. दर आठवड्यास ते उघडून पाहावे आणि कोरडे करावे. गोचिडांचा उपद्रव तर गोठ्याजवळच्या घरास चुकतच नाही. यासाठी वैद्य कोठे आहे याची चौकशी पिलू आणण्यापूर्वी करावी. तालुक्याचे दवाखाने मुख्यतः गाईबैलांच्या कामात गुंतलेले असतात. विशेष आजारासाठी अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था गाठावी लागेल, ही तयारी असावी.

पिसाळण्याच्या रोगाविषयी मात्र यत्किंचितही ढिलाई नको. पिलू तीन महिन्यांचे झाले की त्यास लस टोचवावी आणि पुढे वैद्याच्या सांगण्याप्रमाणे दर वर्षी. पाश्चरने १८८५ साली एका नऊ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम टोचली. आपल्याकडे कसौलीस १९०० साली व कुन्नूरला १९०७ साली संस्था निघाल्या, आणि दूरदूरच्या रोग्यांना तेथवर प्रवास करावा लागे. आज लस सरकारी दवाखान्यात मिळते. कोणत्याही कुत्र्याने चावा घेतला, ओरखडले किंवा जखमेवर चाटले, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची यांत वेळ दवडू नये; रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय बहुधा चालत नाही.

हौस एकाची, कष्ट दुसऱ्याचे

आता मुख्य गोष्ट. बीगलचे आयुष्य बारा ते पंधरा वर्षांचे. तेरा वर्षे धरली आणि दिवसातून दोनदा फिरविले, तरी साडेनऊ हजार फेऱ्या होतात! या फेऱ्या कोण घालणार? मुलगा सुटी संपली की पुण्यास जाणार. नातवंडे दोन वर्षांत वाशीम, अकोला, नागपूर अशी शिक्षणास पांगणार. आजोबांचे गुडघे साखळी ओढणाऱ्या अकरा किलोंच्या जनावरापुढे टिकणार नाहीत. उरते कोण? जिच्या वाट्यास आधीच घराचे चूल-पाणी आहे ती सूनबाई! हौस मुलाची, कौतुक पाहुण्यांचे, आणि केरसुणी तिच्या हाती. म्हणून आमची स्पष्ट सूचना अशी की, कुत्र्याविषयीच्या निर्णयात पहिले मत तिचे घ्यावे. आणि तिने नाही म्हटले, तर तो विषय हसण्यावारी न नेता तेथेच मिटवावा.

शहरात बिऱ्हाड लहान पडले, बदली झाली, बाळ जन्मले, की ‘गावी जागा मोकळी आहे’ म्हणून कुत्रा आईवडिलांकडे धाडण्याची रीत तर आम्हांस मुळीच मान्य नाही. जागा मोकळी असते. माणसे मोकळी नसतात. आणि तेथूनही तो रस्त्यावर गेला, तर पाळीव जनावर टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. विकत घेतानाही आठ आठवड्यांहून लहान पिलू विकण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. विकणाऱ्याजवळ नोंदणीचा दाखला आहे काय हे पाहावे, आणि पिलाची आई दाखविण्याचा आग्रह धरावा. जो ती दाखवीत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

मग काय करावे?

परसास भक्कम कुंपण आहे, घरात सदैव कोणीतरी असते, दररोज सकाळ-संध्याकाळ तासभर फिरविणारे तरणे माणूस नक्की ठरलेले आहे, आणि सूनबाईची मनापासून संमती आहे. या चारही गोष्टी असतील तर केनवडच्या घरास बीगल खुशाल मानवेल. मुलांना त्याच्यासारखा आनंदी सवंगडी क्वचितच लाभेल. चारांपैकी एक जरी उणी असली, तर तो आणू नये.

मग कुत्राच नको काय? तसे आम्ही म्हणत नाही. आपल्याच भागातील जाती आहेत. मुधोळचा शिकारी कुत्रा इतका नामांकित की २००५ साली सरकारने त्याचे टपाल तिकीट काढले. पण तो डोळ्यांनी शिकार करणारा, वाऱ्यासारखा धावणारा प्राणी. त्यालाही मोकळे रान आणि धावविणारा धनी हवा. याउलट गावातच जन्मलेले, साधे गावठी पिलू वऱ्हाडाच्या उन्हास पिढ्यान् पिढ्या सरावलेले असते. किंमत पडत नाही, राखण उत्तम करते, आणि थोड्या मायेवर आयुष्यभर निष्ठा ठेवते. त्याला लस टोचवावी, वेळेवर शस्त्रक्रिया करून अनिर्बंध प्रजा थांबवावी, आणि रोज पोटभर अन्न व ओसरीचा एक कोपरा द्यावा.

जात कोणतीही असो, कुत्रा निवडताना त्याचे रूप पाहण्याआधी आपला दिनक्रम पाहावा. पिलाला आपली निवड करता येत नाही. ती आपण करतो. म्हणून निवडताना वाटेल तितका काळ घ्यावा; पण एकदा दार उघडून त्यास आत घेतले, की मग धर्मराजाप्रमाणे शेवटच्या पायरीपर्यंत त्याची सोबत सोडू नये.