पोटावरची मातीची पट्टी

भिजवलेल्या मातीचा गार लगदा फडक्यात गुंडाळून पोटावर ठेवला, की आधी अंग शहारतं, मग बरं वाटतं. पुण्याजवळ उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये निसर्गोपचार सुरू केले. मातीच्या पट्टीवर त्यांचा भारी विश्वास. खरी करामत पाण्याची. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता शोषली जाते, तेवढ्यात पाच ग्रॅम पाणी ० अंशांवरून उकळीला येईल. मातीचे बारीक कण हे पाणी धरून ठेवतात, म्हणून गारवा टिकतो.

मातीची पट्टी अशी पाण्याच्या जोरावर गारवा देते; अडुळशासारख्या औषधी झाडाचं काम वेगळं, रसायनाचं. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसिनवरूनच कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन घडवलं गेलं.

मात्र उघड्या जखमेवर माती नको. धनुर्वाताचे जंतू तिच्यातच दडलेले असतात.