भ्रमणध्वनीवरील औषधाची चिठ्ठी

वैद्याने चिठ्ठी लिहावी, रुग्णाने ती औषधालयात न्यावी आणि शंका आल्यास औषधविक्रेत्याने वैद्यास विचारावे, ही रीत आपण सर्वांनी अनुभवली आहे. आता पुष्कळदा त्या चिठ्ठीची जागा भ्रमणध्वनीवरील दोन शब्दांच्या संदेशाने घेतली आहे. सोय झाली, हे खरे. परंतु चिठ्ठी लिहिताना घेतली जाणारी दक्षता संदेशात आढळत नाही.

आमचाच अनुभव नमूद करतो. आम्ही एका औषधालयास ‘त्रिफळा ६०’ असा संदेश पाठविला. आम्हांस ६० ग्रॅम चूर्ण अभिप्रेत होते. रुग्णास त्रिफळा गुग्गुळाच्या ६० गोळ्या मिळाल्या. पुढील भेटीत रुग्णाने डबी दाखविली, तेव्हा चूक लक्षात आली. अपाय झाला नाही. तथापि मूळ दोष आमच्या संदेशाचा होता.

हाच संदेश ‘सूतशेखर २’ असा असता तर? साधा की सुवर्णयुक्त, दोन गोळ्या की दोन वेळा, गोळी किती मिलिग्रॅमची? या कल्पात वत्सनाभ व धत्तूरबीज आहेत. ही द्रव्ये औषध नियम, १९४५ मधील अनुसूची ई(१) मध्ये समाविष्ट असून अशा औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ या अर्थाची सूचना छापावी लागते. देखरेख करणाऱ्याचाच संदेश संदिग्ध असेल, तर त्या सूचनेस काय अर्थ उरतो?

यास्तव पुढील संकेत पाळले जावेत, असे आम्हांस वाटते.

१) संदेशात रुग्णाचे नाव, वय व दिनांक असावा. औषधाचे पूर्ण नाव, कल्प, गोळीचे वजन, मात्रा, औषधकाल, अनुपान व दिवस स्पष्ट लिहावेत. शेवटी वैद्याचे नाव व नोंदणी क्रमांक द्यावा.

२) औषधविक्रेत्याने काय देत आहोत ते उलट लिहून कळवावे, केवळ अंगठ्याचे चिन्ह ही पोच नव्हे. औषध शिल्लक नसल्यास पर्याय स्वतः ठरवू नये. रुग्ण ताटकळत असल्यास सरळ दूरध्वनी करावा. वैद्यानेही अशी विचारणा अवमान समजू नये.

३) व्यावसायिकांच्या समूहात रुग्णाचे छायाचित्र वा अहवाल पाठविण्यापूर्वी रुग्णाची संमती घ्यावी, तसेच नाव व चेहरा झाकावा. आतुराच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असा उपदेश चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात शिष्यास केलेला आहे. समूहावर पाठविलेले छायाचित्र पुढे कोठे जाईल, यावर आपला ताबा राहत नाही.

४) व्याधीच्या असाध्यतेची वार्ता नातेवाइकांना संदेशाने देऊ नये, ती प्रत्यक्ष भेटीतच सांगावी. सहव्यावसायिकाच्या चिकित्सेविषयी मतभेद असल्यास तो समूहात न मांडता त्यांच्याशीच बोलावे.

वरील प्रसंगानंतर आम्ही प्रत्येक संदेश पाठविण्यापूर्वी एकदा वाचून पाहतो. पलीकडे औषधालयात नव्याने रुजू झालेला सहायक असेल आणि आम्हांस विचारण्याची त्याला संधी नसेल, तरी त्याच्या हातून योग्य तेच औषध दिले जाईल काय, एवढा एकच प्रश्न त्या वेळी मनाशी ठेवतो.