पेसमेकरची वायर नेमकी कुठे? : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे, हा या विषयातील सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज होय. वस्तुतः या विकारात हृदय चालूच असते; मात्र शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्याचे काम त्याला पूर्वीसारखे झेपत नाही. डाव्या निलयात, म्हणजे शरीरभर रक्त पाठवणाऱ्या खालच्या डाव्या कप्प्यात, जमलेल्या रक्तापैकी जेवढे टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडते त्या प्रमाणाला ईजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात, आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेले नातेवाईक ‘पंपिंग तीसवर आलंय’ असे सांगतात तेव्हा ते याच आकड्याविषयी बोलत असतात. हृदयाचा सत्तर टक्के भाग निकामी झाला, असा त्याचा अर्थ लावणे चूक आहे, कारण निरोगी माणसातही हे प्रमाण साधारण ५५ ते ७० टक्केच असते.

पेसमेकर हृदयाला ताकद देतो, ही समजूतही तपासून घेण्याजोगी आहे. हे यंत्र रक्त ढकलत नाही. ते हृदयात बसवलेल्या वायरीतून केवळ विजेचा सूक्ष्म इशारा देते आणि आकुंचनाचे काम स्नायूलाच करावे लागते. मग त्याचा हार्ट फेल्युअरशी संबंध काय, याचे उत्तर इशाऱ्याच्या मार्गात आहे. नैसर्गिक ठोक्यात वीज वरच्या कप्प्यांतून एव्ही नोड या गाठीपाशी येते, तेथे क्षणभर रेंगाळते आणि विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये वर्णन केलेल्या, त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंतूंच्या जुडग्यातून उजव्या व डाव्या शाखांत शिरून दोन्ही निलयांत जवळजवळ एकाच वेळी पसरते. ईसीजीच्या कागदावर या पसरण्याला लागणारा वेळ क्यूआरएस या टोकदार लहरीच्या रुंदीवरून वाचता येतो, आणि ती रुंदी एरवी १२० मिलिसेकंदांहून कमी असते. डावी शाखा बंद पडली, ज्याला डॉक्टर लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक म्हणतात, की वीज हमरस्ता सोडून बांधाबांधाने जावे तशी स्नायूंतून सरकत जाते. दोन निलयांमधला पडदा आधी आकुंचन पावतो, बाहेरची भिंत मागाहून, आणि मधल्या काळात काही रक्त बाहेर पडण्याऐवजी कप्प्यातल्या कप्प्यातच हेलकावते.

येथूनच पुढचा गैरसमज निघतो : ठोके नियमित झाले की वायर कुठे बसवली याला महत्त्व नाही. अनेक दशके ती उजव्या निलयाच्या टोकाशी टेकवली जात असे, कारण ती जागा सोपी आणि वायर टिकून राहण्यास सोयीची. परंतु तेथून दिलेला इशारा डावी शाखा बंद पडल्यासारखाच उशिरा डावीकडे पोहोचतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डेव्हिड’ या अमेरिकी अभ्यासात, मुळातच पंपिंग कमी असलेल्या आणि ज्यांना सतत पेसिंगची, म्हणजे यंत्राने ठोके देण्याची, गरज नव्हती अशा रुग्णांत, उजवीकडून वारंवार पेसिंग केल्याने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढलेलेच दिसले. अर्थात, एवढ्यावरून पेसमेकरलाच नकार देणे हा आणखी मोठा अविचार ठरेल. हृदयातील विजेचा मार्ग पूर्ण खंडित झालेल्या रुग्णाचा जीव हेच यंत्र वाचवते, आणि उजवीकडील पेसिंगवर वर्षानुवर्षे सुखरूप जगणारेही पुष्कळ आहेत.

तीन वायरींचा पेसमेकर सर्वांसाठीच अधिक चांगला, असाही एक समज आहे. या पद्धतीत एक वायर हृदयाच्या शिरेतून डाव्या निलयाच्या बाहेरील अंगाला नेतात आणि दोन्ही बाजूंना एकत्र इशारा देतात. तिला सीआरटी म्हणतात. २००५ च्या ‘केअर-एचएफ’ अभ्यासातील ८१३ रुग्णांत केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ३० टक्के, तर औषधांसोबत सीआरटी मिळालेल्यांपैकी २० टक्के रुग्ण दगावले, हा फरक लहान नव्हे. मात्र २०१३ च्या ‘एको-सीआरटी’ अभ्यासात क्यूआरएस १३० मिलिसेकंदांहून कमी असलेल्यांना हीच पद्धत दिली असता लाभ तर झाला नाहीच, उलट मृत्यू वाढले. जिथे विजेचा मार्ग बिघडलेलाच नाही तिथे तो दुरुस्त करायला गेल्यास दुसरे काय होणार!

नवी पद्धत म्हणजे जुनी बाद, ही घाईदेखील तितकीच अनाठायी आहे. हिसच्या जुडग्यालाच कायमची वायर जोडण्याचा प्रयोग डॉ. प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. १८ पैकी १२ रुग्णांत तो साधला. हा मार्ग खराखुरा नैसर्गिक असला तरी लक्ष्य अतिशय बारीक, आणि अनेकदा वीज जास्त लागत असल्याने बॅटरी लवकर संपते. २०१७ मध्ये चीनमधील वेन्झोऊ येथील हुआंग वेजियान आणि सहकाऱ्यांनी वायर मधल्या पडद्यात खोल फिरवत नेऊन थेट डावी शाखा गाठली. वायर आत जात असताना मॉनिटरवरील ईसीजीची लहर बदलत जाते आणि डॉक्टर तिच्यावर नजर ठेवून थांबतात, कारण आणखी काही फेरे दिल्यास वायर पडदा भेदून डाव्या कप्प्यात निघण्याची शक्यता असते. निरीक्षणात्मक अभ्यासांत या पद्धतीचे निकाल उत्साहवर्धक आहेत. तरीही २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पंपिंग ३५ टक्के वा त्याहून कमी, डावी शाखा बंद आणि क्यूआरएस १५० मिलिसेकंद वा त्याहून अधिक असलेल्या रुग्णासाठी पहिला मान सीआरटीलाच आहे, आणि ती नीट साधली नाही तर डाव्या शाखेचा पर्याय सुचवला आहे.

यंत्र बसले की गोळ्या बंद, हा गैरसमज मात्र सरळ घातक आहे, कारण वरील अभ्यासांतील लाभ औषधे चालू असतानाच मिळालेला आहे. यंत्र बसवल्यावर मोबाइल मात्र वापरता येतो. तो यंत्रापासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर, शक्यतो दुसऱ्या बाजूच्या कानाला धरावा. मृत्यूनंतर दहनापूर्वी यंत्र काढून घ्यावे लागते, कारण उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊ शकतो.

पेसमेकरचा सल्ला मिळालेल्या रुग्णाने कंपनी आणि किंमत यांच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : ईसीजीवर क्यूआरएसची रुंदी किती आहे, डावी शाखा बंद आहे का, आणि दिवसातील किती टक्के ठोके यंत्राला द्यावे लागतील.